मारबतीला म्युझियममध्ये नेऊ नका

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे 'तुमची आवडती कलाकृती कोणती' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. विचारणाऱ्याला अजिंठ्याचा पद्मपाणी, रविवर्म्याची एखादी नायिका, फार तर व्हॅन गॉगची सूर्यफुलं असं काही ऐकायचं असतं. माझं उत्तर आहे पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळला जाणारा बाईचा प्रचंड बांबू-कागदी पुतळा. नागपूरच्या जागनाथ बुधवारीतून निघते ती. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे उत्तर समजत नाही आणि नागपूरच्या माणसाला समजलं तरी पटत नाही. "काहीतरीच सांगता म्याडम. थे तं जाळाले नेतात नं जी," असं एका पालकांनी मला हसत हसत ऐकवलं होतं.

त्यांच्या हसण्यामागची समजूत एकट्या त्यांची नाही. जे टिकतं ती कला, ही समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, पुरस्कारांत आहे, चौकाचौकात उभारल्या जाणाऱ्या पुतळ्यांतही आहे. दगड, ब्राँझ, कॅनव्हास. ह्या हिशेबात बांबू, कागद आणि खळ ह्यांना जागा नाही. आणि आता गंमत अशी की मारबतीवर प्रेम करणारी मंडळीही तोच हिशेब मांडू लागली आहेत. तिला वारशाचा दर्जा द्या, तिची कायमची प्रतिकृती उभारा, संग्रहालयात एक दालन करा, म्हणजे बाहेरगावच्या लोकांना बाराही महिने पाहता येईल, असं आपल्याकडे अधूनमधून बोललं जातं. बोलणारे मनापासून बोलतात. मला ते मान्य नाही. मारबत ही मोठी कलाकृती आहे, म्हणूनच ती दर वर्षी जाळली गेली पाहिजे. जपायचं असेल तर आपण जपतोय त्याहून वेगळंच काहीतरी जपायला हवं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोळा श्रावणातल्या अमावास्येला असतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्याच दिवशी जुन्या नागपुरातून, म्हणजे इतवारी-महालच्या बाजूनं, मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. काळी दुष्ट मानली जाते आणि पिवळी राखणारी. पिवळीच्या दर्शनाला आधीपासून लोक येतात, काही जण नवसही बोलतात. मिरवणुकीच्या दिवशी दोघी नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात आणि त्या क्षणी जो गलका होतो तो ज्यानं ऐकला त्यानंच ऐकला. दोघींच्या मागेपुढे बडगे असतात. हे पुरुषांचे पुतळे, त्या त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचे. 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' ही आरोळी दिवसभर चालते. शेवटी सगळ्यांना अग्नी दिला जातो.

विदर्भातल्या खेड्यांत हेच काम पळसाच्या डहाळ्या करतात. पोळ्याला त्या दाराशी रोवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन टाकायच्या. तिथं ढेकूण, माशा, खोकला ह्यांचीच नावं घेतात. शहरानं त्या डहाळीला डोकं, डोळे, हात दिले, असं मला वाटतं. इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत. मला चित्रकलेच्या बाजूनं हा बदल विलक्षण वाटतो. संकटाला आकार द्यायचा, तो माणसाच्या कितीतरी पट मोठा करायचा, आणि मग त्याला सगळ्यांनी मिळून गावाबाहेर काढायचं.

आता तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहू. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी प्लॅस्टरचे ग्रीक मुखवटे समोर ठेवून छायाप्रकाश शिकवला जायचा. माणसाची उंची साडेसात डोक्यांची, हे तेव्हा डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मारबत मला कुरूप वाटायची. डोकं अवास्तव मोठं, डोळे त्याहून मोठे, हात जाड, धड बसकं. पुढे कधीतरी मी तिला दुकानाच्या पायरीवर उभी राहून, मान वर करून पाहत होते आणि माझ्या ध्यानात आलं की ही मूर्ती खालून पाहण्यासाठी घडवली आहे. गर्दीत उभ्या माणसाचा डोळा तिच्या गुडघ्याच्याही खाली असतो. तिथून साडेसात डोक्यांचं माप धरलं असतं तर चेहरा सुपारीएवढा दिसला असता. डोकं मोठं केलं म्हणून तो चेहरा आपल्या अंगावर येतो. डोळ्यांभोवतीची काळी रेघ बोटभर नाही, चांगली तळहाताएवढी रुंद आहे, कारण ती तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरूनही वाचता आली पाहिजे आणि शंभर पावलांवरूनही. खालचा आणि वरचा, दोन्ही प्रेक्षक धरून केलेली मूर्ती मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. पुतळा चौथऱ्यावर ठेवला की त्याला वरून कुणी पाहत नाही. इतवारीत मात्र प्रत्येक गॅलरीत, प्रत्येक गच्चीत बायापोरं लटकलेली असतात.

दुसरी गोष्ट गल्लीची. मस्कासाथ, इतवारी, गांधीबाग ह्या बाजूच्या गल्ल्या कशा आहेत हे तिथं एकदा स्कूटर घातलेल्या माणसाला सांगायला नको. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांपुढे ताडपत्र्या, वर विजेच्या तारांचं जाळं. मारबत ह्या गल्लीतूनच जायची आहे. म्हणजे तिची रुंदी गल्लीनं ठरवलेली आहे आणि उंची तारांनी. लांब बांबूंनी तारा वर उचलून धरणारी पोरं मिरवणुकीत असतात, त्यांच्याशिवाय ती दहा पावलंही पुढे सरकणार नाही. उघड्या मैदानावर तीच मूर्ती ठेवली तर ती एक मोठी बाहुली दिसेल. गल्लीत ती भिंतीला भिंत लावून चालत येते, उजेड अडवते, आपल्याला मागे सरायला जागा उरत नाही. कलेच्या भाषेत ह्याला स्थलविशिष्ट वगैरे म्हणतात आणि मोठ्या शहरांत त्यासाठी कलाकारांना बोलावून मानधन देतात. आमच्याकडे ते तेली समाजानं आणि इतवारीच्या कारागिरांनी एकशे चाळीस वर्षं विनाशब्द केलं आहे.

म्हणूनच म्युझियमची कल्पना मला पटत नाही. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे आपलं १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, मला अतिशय प्रिय आहे. मुलांना मी तिथं नेते. पण काचेमागं ठेवलेली मारबत ही मारबत राहणार नाही. तिच्या अंगावर गल्लीची रुंदी नसेल, आरोळी नसेल, आणि मुख्य म्हणजे उद्या ती जळणार आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसेल. ते ठाऊक असल्यामुळेच लोक तिच्याकडे तसे पाहतात. माझा एक सहकारी म्हणतो की असं असेल तर प्रत्येक मूर्तीबद्दल असं म्हणता येईल, देवळातली मूर्तीही म्युझियममध्ये मूर्ती राहत नाही. खरं आहे त्याचं. पण देवळातली मूर्ती निदान टिकण्यासाठी घडवलेली असते. मारबतीच्या कागदाचे थर, सुतळीचे फास, कमट्यांचा सांगाडा ह्या सगळ्यांत 'काही दिवस' हा हिशेब आधीच धरलेला आहे. तिला पन्नास वर्षं टिकवायची तर आत लोखंड घालावं लागेल, वर फायबर चढवावं लागेल. मग तो पेट्रोल पंपासमोरचा डायनासोर होईल.

ह्या वादात स्पेनमधल्या वालेन्सिया शहराचं उदाहरण हमखास निघतं, आणि ते निघायलाही हवं. तिथं मार्चमध्ये फायास नावाचा सण असतो. चौकाचौकात कागद, लाकूड वगैरेंची प्रचंड सोंगं उभी राहतात, त्यांत पुढाऱ्यांची आणि जगभरातल्या बड्या माणसांची टवाळी असते, आणि १९ मार्चच्या रात्री ती सगळी जाळतात. २०१६ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. तिथं एक सवय आहे: १९३४ पासून दर वर्षी लोकांच्या मतानं एका बाहुल्याला माफी मिळते, तो आगीतून वाचतो आणि संग्रहालयात जातो. आमचे वारसाप्रेमी हे उदाहरण देऊन म्हणतात, बघा, त्यांनी जपलं. पण नीट पाहा. त्यांनी वाचवला तो एक बाहुला. बाकी सगळं त्यांनी जाळलं, आणि युनेस्कोच्या यादीत गेला तो जाळण्याचा सण, बाहुल्यांचा साठा नव्हे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे घडवणाऱ्यांचा तिथं एक मानाचा, पोट भरणारा धंदा आहे, त्यांच्या कार्यशाळा आहेत. उदाहरण घ्यायचं तर ते पूर्ण घ्यावं.

माझ्यासाठी मारबत महत्त्वाची का, हे सांगायला मला जरा अवघड जातं, कारण घरगुती गोष्ट आहे. माझं माहेर गांधीबागच्या कापड मार्केटच्या मागे. वडील एका ठोक व्यापाऱ्याकडे मुनीम होते. आई त्या दिवशी पहाटे उठून घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडायची आणि केराची टोपली बाहेर नेताना आरोळी द्यायची. एरवी तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे. चार सासुरवाशिणींच्या घरात ती धाकटी होती. त्या एका सकाळी ती गॅलरीत उभी राहून 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडायची, आणि ईडा पीडा, खोकला झाल्यावर काही नावं अशी पुटपुटायची की ती आम्हाला ऐकू येऊ नयेत. मोठी झाल्यावर मला कळलं की त्यात एखादी जाऊही असावी. तिनं कधी कबूल केलं नाही. पण वर्षातून एक दिवस बाईला मोकळेपणी ओरडायची मुभा देणारी दुसरी कुठलीही कलाकृती मला माहीत नाही. चित्रांच्या प्रदर्शनात आपण हळू बोलतो, वाईट वाटलं तरी मान डोलावतो. पुढे आमच्या घरात डेंग्यूनं एका पावसाळ्यात फार छळलं. माझा भाऊ त्यातून कसाबसा उठला. त्या वर्षी मीही ओरडले. शिकल्यासवरल्या बाईनं असं ओरडावं का, हा विचार त्या गर्दीत मनाला शिवलासुद्धा नाही.

आता जी गोष्ट ह्या कलाकृतीत मला खुपते तिच्याबद्दल. दोन्ही मारबती बाया आहेत. दोघींची छाती उघडी, ठसठशीत. मिरवणुकीत पुढे नाचणारे बहुतेक पुरुष, आणि गर्दीतली सगळीच आरोळी रोगराईबद्दल नसते. बाहेरच्या पाहुण्याला मी पहिल्यांदा हे दाखवते तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं होतं. त्यावर उत्तर म्हणून पूतनेची गोष्ट सांगतात: विषारी दूध पाजायला आलेली राक्षशीण, म्हणून छाती. बरं, काळीपुरतं हे मान्य करू. पण पिवळी तर राखणारी. तिची छाती पाहून माझ्या आईला कधी लाज वाटली नाही. तिच्या लेखी ती लेकुरवाळी होती. अश्लील असलंच तर ते मूर्तीत नाही, नाचणाऱ्या काहींच्या तोंडात आहे. मूर्तीला साडी नेसवून हा प्रश्न सुटत नाही. मिरवणुकीत बाया मोठ्या संख्येनं, गच्चीवरून खाली उतरून, चालू लागल्या तर कदाचित सुटेल.

आणि बांकाबाई. काळी मारबत म्हणजे नागपूरच्या भोसल्यांच्या घरातली बांकाबाई, इंग्रजांना मिळालेली फितूर बाई, आणि तिला न अडवणारा तिचा नवरा म्हणजे बडगा, असं आमच्याकडे सर्रास सांगतात. ही गोष्ट मी मुलांना सांगते, पण इतिहास जोडून सांगते. बांकाबाई ही दुसऱ्या रघुजीची राणी. रघुजी वारला १८१६ साली. भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये. म्हणजे इंग्रजांशी तिचा जो काही संबंध आला त्यातला बहुतेक काळ ती विधवा होती, नवऱ्यानं तिला अडवायचा प्रश्नच नव्हता. १८५४ साली डलहौसीनं वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात काढले. त्यानंतर तीन वर्षांनी १८५७ आलं तेव्हा वाड्यातल्या ह्या म्हातारीनं आपल्या माणसांना उठावापासून लांब ठेवलं, हेही खरं. वर्षभरात तीही गेली. तिनं भित्रेपणा केला की घरातली उरलीसुरली माणसं वाचवली, ह्यावर वाद घालता येईल. घातलाही पाहिजे. पण राज्य गेलं त्याचा राग लोकांनी डलहौसीवर काढला नाही, तो एका बाईवर काढला. डलहौसी लांब होता आणि बंदूक त्याच्याकडे होती. पुतळा जवळच्याचा झाला. हा ह्या परंपरेचा दोष म्हणा किंवा तिची खोड म्हणा. माझ्या मते ह्या खोडीतच परंपरेचं बळही आहे, आणि आज आपण ते घालवत चाललो आहोत.

कारण बडगे आता उलट चालले आहेत. जवळचं सोडून लांबचं धरतात. २०२५ साली अमेरिकेच्या आयातशुल्कावरून ट्रम्पचा बडगा निघाला. पोरांनी केला झकास, केसांचा तो पिवळा झुपका एका कारागिरानं असा जमवला होता की मी टाळी वाजवली. पण ट्रम्प काही इतवारीत येऊन कुणाची कॉलर धरणार नाही. पाकिस्तान, दहशतवादी, महागाई, भ्रष्टाचार, भेसळ हे नेहमीचे गडी. महागाईला पत्ता नसतो. भ्रष्टाचाराला चेहरा काढला की तो हमखास टोपीवाला, पोट सुटलेला, कुणाचाच नसलेला माणूस निघतो. आणि गाडीच्या बाजूला ज्यांचा शुभेच्छांचा फ्लेक्स लावलेला असतो ते हसतमुखानं हात जोडून उभे असतात. ज्याच्यावर बडगा निघायला हवा तोच बडग्याच्या बांबूचे पैसे देतो, अशी आमची सोय झाली आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. काही तासांचा धोधो पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, माणसं गेली. नदीकाठी काय काय बांधलं गेलं, नाले कसे अरुंद झाले, ह्यावर कितीतरी बोलणं झालं. पुढच्या मारबतीला त्या पुराचा बडगा मी शोधत होते. मला दिसला नाही. असेलही एखाद्या गल्लीत. पण जे शहराच्या छातीपर्यंत आलं होतं ते पाणी मिरवणुकीच्या मध्यभागी असायला हवं होतं, आणि त्याच्या गळ्यात नकाशा मंजूर करणाऱ्यांची माळ. मार्च २०२२ नंतर महापालिकेत जवळजवळ चार वर्षं निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा खड्ड्यांसाठी कुणाला जाब विचारायचा हे लोकांना कळत नव्हतं. अशा काळात बडग्यानं तरी बोलायचं ना? जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकलं आहे की पूर्वी बडग्यांवरून खरोखरची भांडणं व्हायची, आपला चेहरा ओळखून माणसं घरात लपायची. ह्यात वाढवून सांगितलेलं किती, कोण जाणे. मला मात्र तेवढं भांडण झालेलं चालेल.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. नाव घेऊन पुतळा जाळणं म्हणजे झुंडीला एक माणूस दाखवून देणं. आजच्या काळात, मोबाइलवर दहा सेकंदांत व्हिडिओ फिरत असताना, हा खेळ धोक्याचा आहे. शिवाय 'जवळचा' म्हणजे दुबळा शेजारी, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा असा अर्थ काढायला वेळ लागत नाही. बांकाबाईचं उदाहरण मीच दिलं आहे. म्हणून मी म्हणते की बडगा जवळच्याचा असावा, पण वरच्याचा असावा. ज्याच्या हातात सही आहे, निधी आहे, परवाना आहे, त्याचा. ज्याच्याकडे ह्यातलं काहीच नाही त्याचा बडगा करणाऱ्याला मोहल्ल्यानंच थांबवावं. पोलिसांकडे हे काम सोपवलं की ते आधी वरच्यांचेच बडगे थांबवतील.

बरं, मग करायचं काय? मार्च २०२३ मध्ये सी-२० ची, म्हणजे जी-२० परिषदेतल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक नागपुरात झाली तेव्हा शहरभर भिंती रंगल्या, खांब रंगले. नंतरही अशा योजना येत राहिल्या. अशाच एका सुशोभीकरणाच्या बैठकीत मी मारबतीचं चित्र सुचवलं होतं. समोरच्या साहेबांनी "जरा निगेटिव्ह वाटतं मॅडम" म्हणून वाघ आणि संत्री पुढे केली. वाघ आणि संत्री माझ्याही आवडीची आहेत. पण एखाद्या पाहुण्यानं विचारलं की ह्या शहराच्या मनात काय चाललंय, तर वाघ त्याचं काय उत्तर देणार? त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, मारबत खांबावर रंगली नाही ते बरंच झालं. धूळ बसून ती तिथं पाच वर्षं लटकली असती.

पैसा द्यायचाच असेल तर तो घडवणाऱ्या हातांना द्यावा. चितारओळीतल्या मूर्तिकारांना गणपती आणि दुर्गेचं काम असतं म्हणून त्यांचा धंदा तरी उभा आहे. मारबत-बडग्यांचे सांगाडे बांधणाऱ्यांचं काम वर्षातून एकदाच येतं, आणि बांबूची कमटी कुठं चिरायची, सांध्यावर सुतळीचे किती वेढे घ्यायचे, कुठल्या थराला जाड कागद लावायचा, हे कुठंही लिहिलेलं नाही. आमच्या चित्रकला महाविद्यालयाच्या मुलांनी पोळ्याच्या आधी तिथं जाऊन बसावं, सांगाड्याची मापं घ्यावीत, टप्प्याटप्प्यानं रेखाटनं करावीत. मूर्ती जळेल, पण ती कशी बांधली हे कागदावर राहील. २०२० साली कोरोनामुळे मिरवणूक निघाली नाही तेव्हा एवढं लक्षात यायला हवं होतं की एखाद-दोन वर्षं हात थांबले की तेवढंही विसरायला होतं. पावसापाण्यात ताडपत्रीखाली काम चालतं, त्यासाठी शहराच्या जुन्या भागात एखादं मोठं छप्पर दोन महिने मिळालं तरी पुष्कळ. थर्माकोल मात्र बंद व्हावा. अलीकडे बडग्यांच्या डोक्यांत आणि हातांत तो घुसला आहे, जळताना त्याचा जो काळा धूर निघतो तो रोगराई घेऊन जात नाही, ठेवून जातो. बांबू-कागद वापरणाऱ्या मंडळाला थोडी रक्कम मिळावी आणि त्या बदल्यात एकच अट असावी, गाडीवर कुणाचाही फ्लेक्स नको. देणाऱ्याचाही नको, महापालिकेचाही नको.

शाळेत मला जेवढं करता येतं तेवढं मी करते. शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्राला 'सण' हा विषय दिला की सगळ्या वर्गातून गणपती, दहीहंडी आणि दिवाळीचे आकाशकंदील येतात. पूर्व नागपुरातली पोरं, ज्यांच्या दारावरून मारबत जाते, तीसुद्धा हेच काढतात, कारण परीक्षेत 'चांगलं' काढायचं असतं. मागे मी सातवीला सांगितलं, मारबत काढा, आणि सोबत तुमचा स्वतःचा बडगा काढा. पहिले दहा मिनिटं सगळे एकमेकांची तोंडं पाहत होते. मग एकीनं गणिताचा बडगा काढला, दोघांनी मोबाइलवरच्या खेळाचा, एकानं मोठ्या भावाचा. शेवटच्या बाकावरच्या एका पोरानं शाळेच्या पाण्याच्या टाकीचा काढला. टाकीला हातपाय, झाकणाच्या जागी टोपी, पोटातून शेवाळ बाहेर आलेलं, आणि खाली लिहिलं होतं, 'घेऊन जा गे मारबत'. ते चित्र मी वर्गाबाहेरच्या फळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी ते तिथं नव्हतं. आठवड्यानं टाकी धुतली गेली. तो पोरगा आता दर पोळ्याला मला विचारतो, "म्याडम, यंदा कोनाचा काढू?"